आत्याबाई, तुमची टीसी जेवत नाही

आत्याबाई, आधी कामाचं बोलते. रडायचं मग बघू. तुमची मांजर जेवत नाही.

तुम्ही गेलात तेव्हापासून ती तुमच्या पलंगावर, पायथ्याच्या गोधडीच्या घडीवर बसून आहे. दूध ठेवलं, बघितलं नाही. भाकरी कुस्करून ठेवली, वास घेऊन तोंड फिरवलं. शेवटी जिवावर उदार होऊन सुकट भाजली. म्हणजे अख्ख्या रेल्वे कॉलनीला कळलं की ज्या घरात परवा मयत झाली त्या घरात सुकट भाजतायत. तर बाई उठल्या आणि पलंगाखाली जाऊन बसल्या. ताट पुढं आलं की मान वळवायची, हे ती कुणाकडून शिकली ते मला विचारू नका.

जाताना तिची काहीतरी व्यवस्था लावाल असं मला वाटलं होतं. बाकी सगळ्याची लावलीत. पातळं कुणाला, तांब्याचा हंडा कुणाला, खुटबावच्या घराची किल्ली कुणाकडं, सगळं आधीच बोलून ठेवलंत. मांजरीचं नाव काढलं नाहीत. म्हणजे ती माझ्यावर आली. न बोलता जे उरतं ते सुनेवर येतं, हा या घरातला जुना नियम.

तुमच्या पुण्यानुमोदनाला माणसं बरीच आली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. समोर तुमचा फोटो, आधार कार्डावरचा, मोठा केलेला. त्यात तुम्ही फोटोवाल्याला आता काहीतरी बोलणार अशा दिसता. त्रिसरण-पंचशील झालं, वंदना झाली, मग लोक बोलायला उभे राहिले. खुटबावचे एक काका म्हणाले, "आमची वहिनी अतिशय मितभाषी होती."

आत्याबाई, मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं हुंदका आला. शेजारच्या लताबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मितभाषी! अर्थात त्या काकांचंही चुकलं नाही म्हणा. माणसांशी तुम्ही बोलतच कुठं होता? जे काय बोलायचं ते मांजरीशी बोलत होता आणि ते ऐकायला मी होते. तेव्हा कार्यक्रमात राहून गेलं ते मीच लिहून ठेवते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं यात चुका काढता येणार नाहीत, एवढी एक सोय आहे.

मामा गेले, खुटबावात तुम्ही एकट्या उरलात आणि तुमच्या लेकानं तुम्हाला दौंडला आणायचं ठरवलं. तुम्ही तयार नव्हता. मग एक अट घातलीत: मांजर येणार असेल तर येते. ही अट ह्यांनी माझ्यापासून लपवली, कारण मला मांजरं आवडत नाहीत हे माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हापासून दोन्ही गावांना माहीत होतं. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी, आणि तुमच्या हातातल्या कापडी पिशवीतून एक शेपूट बाहेर आलेलं.

डेमू गाडीतला किस्सा मला ह्यांच्याकडून कळला. रेल्वेतला माणूस, सगळे ओळखीचे, हे मान खाली घालून बसलेले. केडगाव सोडलं आणि डब्यात टीसी आला. नेमकी तेव्हाच पिशवीतून हिनं डोकं वर काढलं. टीसी म्हणाला, "आजी, हिचं तिकीट?"

तुम्ही म्हणालात, "ही तुमच्यातलीच हाय बाबा. फुकाट हिंडती, आन् सगळ्यांच्या पिशव्या बघती."

डबा हसला, टीसी हसला, तुमचा लेक तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला. मांजरीचं नाव तिथंच पडलं. घरी आल्यावर तिनं नावाला जागून पहिल्या दिवशी माझे सगळे डबे तपासले.

आता मिठाचं बोलू. आपल्यात जे काय होतं ते मिठापासून सुरू झालं आणि मिठावरच राहिलं.

तुम्ही आल्यावर थोड्याच दिवसांत तुम्हाला चक्कर आली. दवाखान्यात नेलं, तर बीपी निघालं. घरी येताना तुम्ही रिक्षात डोळे मिटून बसला होता आणि हे माझ्या कानाशी लागले, "आईला बीपीचं बोलू नको. मावशीला बीपीनंच झटका आला होता, ती हाय खाईल. गोळी चक्करची म्हणून देऊ. आणि तू आपलं मीठ कमी कर."

तू आपलं. या दोन शब्दांवर माझा अख्खा संसार उभा आहे, आत्याबाई.

त्या संध्याकाळी वांगं केलं होतं. तुम्ही पहिला घास घेतलात, थांबलात, आणि म्हणालात, "पर्काश, दौंडात मीठ भेटत न्हाई व्हय रं?"

तुमचा लेक ताटात बघत जेवत राहिला. खरं बोलायची मला बंदी. काहीतरी बोलायला तर हवं. मी म्हटलं, "आमच्याकडं असंच खातात, आत्याबाई."

"आमच्याकडं म्हंजी?"

"मांडवगणला."

झालं. एवढ्या मोठ्या गावावर, बागायती गावावर, जिथं लग्नात आमटीला माणसं तालुका ओलांडून येतात, त्या माझ्या माहेरावर मी माझ्याच तोंडानं अळणी असल्याचा शिक्का मारला. माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं मला भीमेच्या पाण्यात उभं केलं असतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, दुधात बुडवलात, आणि शेजारी बसलेल्या मांजरीला म्हणालात, "खा बाई. मांडवगणची रीत हाय. आपुन काय बोलायचं."

त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत आणि मांजरीशी सुरू केलंत.

रोज तेच. तुम्ही भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसायच्या. टीसी तुमच्या गुडघ्यापाशी. मी वाढायचे. तुम्ही ताटाकडं बघायच्या, मग मांजरीकडं.

"टिशे, आज भेंडी हाय. चिकाट हाय, हिरवीगार हाय, नजर लागंल आशी हाय. मीठ तेवढं न्हाई."

"टिशे, मांडवगणच्या उसात बिबट्या ऱ्हातो म्हनं. पन जेवाया कुनाच्या सैपाकघरात शिरत न्हाई. का? इचार तिला."

मी कशी विचारणार? मी पण मग टीसीलाच सांगायला शिकले. "टीसी, तुझ्या मालकिणीला सांग, गोळी राहिलीय."

"टिशे, सांग तिला, घितली."

"टीसी, विचार तिला, कधी घेतली? पाकिटात तर तेवढ्याच आहेत."

"टिशे, तिला म्हनावं, पाकीट मोजाया येतं, मीठ टाकाया येत न्हाई."

मांजर आपल्या मधोमध बसून एकदा तुमच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं; दोन्ही बाजूंच्या गाड्या जाईपर्यंत फाटक धरून बसलेल्या गेटमनसारखी. आणि तुमचा लेक ड्यूटीवर जाऊन लोकांना सांगायचा, "आमच्यात सासू-सुनेचं एकदाबी भांडण नाही बघा." कसं होणार? भांडणाला बोलावं लागतं.

माझी प्राची, तुमची नात, हिचं यावर शिक्षण झालंय. म्हणजे मांजरीवर नाही, मनावर. ती पुण्यात एका शाळेत मुलांचं समुपदेशन करते. काल फोनवर म्हणाली, "मम्मी, पाळीव प्राण्यांमुळे घरातला ताण कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे."

"कुणाच्या घरातला?" मी म्हटलं.

"आणि टीसीला दुःख झालंय. तिला स्पेस दे."

"दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये स्पेस कुठून आणू? तिला अख्खा पलंग दिलाय. मी खाली झोपते."

ती हसली. मग म्हणाली, "तू जेवतेस ना?" मी फोन ह्यांच्या हातात दिला.

प्राचीचं नाव निघालं म्हणून सांगते. ती दुपार आपण दोघींनी कधीच बोलून दाखवली नाही.

प्राची नोकरीला पुण्याला गेली आणि मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नळ सोडून मी तशीच उभी राहायचे. भांडं हातात, पाणी चाललंय, मी कुठंच नाही. केस विंचरायचे राहून जायचे. झोप नव्हती आणि जागही नव्हती. ह्यांनी टॉनिक आणून दिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले सगळं ठीक आहे. सगळं ठीक आहे म्हटल्यावर रडायलाही कारण उरत नाही.

एका दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही बाहेरून आलात. माझ्याकडं बघितलंत. टीसीला मानेखाली धरून उचललंत आणि भाजीची पाटी उतरवावी तशी माझ्या मांडीवर आदळलीत. म्हणालात, "टिशे, हितं बस. हालू नगंस. मला काय त्यातलं कळत न्हाई."

आणि बाहेर गेलात. जाताना दार ओढून घेतलंत.

मला मांजरं आवडत नाहीत, आत्याबाई. तिचं वजन, ते गरम गरम पोट, तो अंगातून येणारा मोटरीसारखा आवाज, ते मधूनच नखं काढून मांडीत रुतवणं. मी बसले, कारण उठायचं म्हणजे तिला हात लावायला लागला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी भिंतीशी बसायच्या आधीच ती येऊन थांबलेली. अशा किती दुपारी गेल्या देव जाणे. म्हणजे कोण जाणे. देव म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही.

मग एकदा तिनं माझ्या नव्या साडीचा धागा ओढला आणि मी तिला अशा शिव्या घातल्या की माझ्याच कानाला नवल वाटलं. मेले, टवळे, फुकटखाऊ, तुझ्या मालकिणीनं तुला लाडावून ठेवलीय. कितीतरी दिवसांनी एवढं सलग बोलले. दम लागला. बाहेर कट्ट्यावर तुम्ही लताबाईंना म्हणालात, चांगल्या मोठ्यानं, "आली गं गाडी रुळावं."

त्या रात्री तुम्ही जेवताना टीसीला म्हणालात, "आज तर मिठाचा डबाच बघितला न्हाई वाटतं हिनं." आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तुम्ही मांजरीला सांगितलं असतंत, "हिला काय झालंय गं?"

असो. आता या मांजरीचं काय ते बघू.

काल सकाळी लताबाई डोकावल्या. टीसीपुढची वाटी बघितली, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "सुनंदाताई, तुमच्यात कावळा नसतो ना?"

"नसतो."

"मग हीच समजा. म्हातारीची कायतरी विच्छा राहिलीय. कबूल करून टाका, खाईल बघा."

 मनात म्हटलं, लताबाई, तुमचं नशीब की आत्याबाई नाहीत. मामा गेले तेव्हा खुटबावात कुणीतरी हळूच कावळ्याचं काढलं होतं, आठवतं? आपल्यात ते कधीच बंद झालंय, पण म्हाताऱ्या माणसांच्या मनात एखादा कोपरा राहतो. तुम्ही रडता रडता डोळे पुसलेत आणि म्हणालात, "जल्मभर मी वाढलंय त्यांला. पोट भरलंय का न्हाई ते मला ठावं. कावळ्याला काय इचारता?"  मी मागं बायकांत बसले होते. मला तुमचा अभिमान वाटला होता, तो पण सांगायचा राहिला.

आणि आता बघा माझी गत. लताबाई गेल्या. मी दाराला कडी लावली, असलं सगळं सोडायला सांगणाऱ्यांच्या भिंतीवरच्या फोटोंकडं पाठ केली, आणि मांजरीसमोर बसून कबूल करायला लागले.

म्हटलं, टीसी, पलंग काढणार नाही. म्हटलं, तुला कुठं पाठवणार नाही. गोधडी धुणार नाही, निदान इतक्यात नाही. खुटबावच्या घराला कुलूप राहू देणार नाही, सणाला जाऊन येईन. प्राचीला लग्नाचं रोज विचारणार नाही. ह्यांच्यावर ओरडणार नाही. या शेवटच्यावर तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच मागं घेतलं.

वाटी तशीच.

मग पिशवीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेली. तीच कापडी पिशवी. पुढं एक म्हैस, तिच्या मागं शेळ्या, मग मी. डॉक्टर तरुण होते. बघितलं, पोट दाबलं, दात बघितले. म्हणाले, "आजार काही नाही. पण मांजर फार दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरला धोका असतो. काहीही करा, खायला घाला. एरवी कोण भरवतं हिला?"

"सासूबाई."

"मग त्यांनाच भरवू द्या."

"त्या वारल्या."

म्हैस हंबरली. डॉक्टरांनी पेन उचललं, ठेवलं. मग म्हणाले, "एक-दोन दिवसांत खाल्लं नाही तर पुण्याला न्यावं लागेल, नळीनं भरवतात. पण एवढी म्हातारी मांजर, प्रवासाचं आणि नळीचं किती सोसेल सांगता येत नाही. ती कशी जेवायची ते आठवा. जागा, भांडं, वेळ. मांजरं सवयीची असतात." मी निघाले तर म्हणाले, "ताई, तुम्हीपण काही खाऊन घ्या."

सगळ्या जगाला माझ्या जेवणाची काळजी. आणि जिच्या जेवणाची काळजी ती पिशवीत.

जागा तीच ठेवली. भांडं तेच, तुमचं कान तुटलेलं जर्मनचं. वेळ तीच. नाही.

आज सकाळी मी तुमच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला. उशीखाली तुमची मशेरीची डबी. म्हटलं, राहू दे, जाताना न्यायची राहिली बिचारीची. उघडली. आत मशेरी नव्हती, आत्याबाई. आत मीठ होतं. खडेमीठ. चांगली काठोकाठ भरलेली डबी.

मी पलंगावर बसले.

म्हणजे इतकी वर्षं मी बिनमिठाची भाजी शिजवली. माहेरावर डाग घेतला. दर खेपेला डॉक्टर बीपीचं यंत्र सोडत माझ्याकडं बघून विचारायचे, "घरात मीठ कमी आहे ना नक्की?" आणि मी शपथा घ्यायचे. तीनदा गोळ्या बदलल्या. तुमच्या लेकानं मला विचारलं, "तू चुकून तर टाकत नाहीस?" आणि तुम्ही पदराआड डबी उघडून भाजीवर खडे पेरत होता! जाताना झोपेत गेलात, डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, आता त्यावर मला बोलायचं नाही. पण मीठ होतं तुमच्याकडं. ताटात मीठ होतं, डबीत मीठ होतं. मग रोज दोन वेळा "मीठ न्हाई, मीठ न्हाई" म्हणून मला का छळलंत?

तुम्ही नव्हता. टीसी होती. मी डबी तिच्यासमोर धरली आणि ओरडले, "हे तुला माहीत होतं! तू रोज बघत होतीस! खायचं तर खा, नाहीतर चालती हो मांडवगणला!"

तिचा कान हलला.

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी परत म्हटलं, "मांडवगण." कान परत हलला. ती उठली, पलंगावरून उतरली, आणि जाऊन तुमच्या भिंतीपाशी बसली. जेवायच्या जागेवर. आणि माझ्याकडं बघत राहिली.

जागा, भांडं, वेळ. डॉक्टरांनी सांगितलेल्यात एक राहिलं होतं. तुमची मांजर चटणी-लोणच्यासारखी माझी उणीदुणी तोंडी लावून जेवायची, आत्याबाई. माझा उद्धार झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

काय करणार? नळी की अपमान? मी भाकरी घेतली. तुमच्यासारखी भिंतीला टेकले, एक पाय लांब केला. गुडघ्यातून कळ आली. भाकरी दुधात कुस्करली आणि सुरू केलं.

"खा, टिशे. आज दोडका हाय. मीठ न्हाई. मांडवगणची रीत."

ती जवळ आली.

"भाकरी बघ, एका कडंला करपलीया. हिच्या आयनं हिला शिकवलं न्हाई. पाकीट मोजाया येतं. डबं घासाया येतं. मीठ टाकाया येत न्हाई."

ती आणखी जवळ आली. वाटीला नाक लावलं. आणि थांबली. बसली. माझ्याकडं बघायला लागली. मी आठवून आठवून सगळं बोलले. माझा चहा, माझी चाल, माझी भेंडी, माझा भाऊ, बिबट्यासुद्धा झाला. तुमच्या तोंडचं एकही वाक्य मी विसरलेले नव्हते, हे कळून मला स्वतःचाच राग आला. ती नुसती बघतेय. वाटी तशीच. माझा घसा बसला.

हे बाहेर पायरीवर बूट घालत होते. तिथूनच म्हणाले, "शेवटचं राहिलं."

"कसलं शेवटचं?"

"आई शेवटी म्हणायची ते."

"काय म्हणायची?"

"तू भाकरी आणायला आत गेलीस की म्हणायची. हळू." हे लेस बांधत होते. कुठली गाडी लेट आहे ते सांगावं तसं म्हणाले, "'आसू दी. तिच्याबिगर कोन घालतंय आपल्याला. खा.' मग ती खायची."

मी लांब केलेला पाय ओढून घेतला. मग विचारलं, "रोज?"

"रोजच की."

"आणि तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं तुला ऐकू जातंय." दुसऱ्या बुटाची लेस. "आणि तुमचं बोलणं नव्हतं ना. मी कशाला मध्ये पडू?"

आत्याबाई, या माणसाला तुम्ही जन्म दिलात, तेव्हा त्याच्याबद्दल मी तुम्हाला काय बोलणार? पण तुमच्याबद्दल बोलते. अख्ख्या जगासमोर, कट्ट्यावर, जेवताना, पाहुण्यांसमोर मीठ न्हाई, मीठ न्हाई. आणि हे एवढंसं वाक्य माझी पाठ वळल्यावर, मांजरीच्या कानात? मी दोन पावलांवर तव्यापाशी होते. जरा आवाज वाढवला असता तर काय बिघडलं असतं? लताबाईंना "आली गं गाडी रुळावं" ऐकू जात होतं, मला हे नाही?

आणि आता ते माझ्याच तोंडानं माझ्याबद्दल म्हणायला लावलंत. केवढी ही लाज.

हे ड्यूटीवर गेले. मी दार लोटलं. टीसी वाटीपाशी बसलेलीच. मी परत भिंतीला टेकले, पाय लांब केला.  मग हळू म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तसं.

"आसू दी. तिच्याबिगर कोन घालतंय आपल्याला. खा."

तिनं मान खाली घातली आणि खायला लागली. आधी दूध, मग भाकरी. तो लपलप आवाज. मी तिथंच बसून राहिले. मग कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. ताट ओढून घेतलं. दोडक्यात मीठ नव्हतं. आता घरात कुणालाच बीपी नाही, पण हात तसाच पडतो. तुमची डबी उघडली, खडा चुरून भाजीवर टाकला आणि जेवले. बरं लागलं. करपलेली कडसुद्धा.

जेवता जेवता मला वाटलं, तुम्हाला बीपीचं ठाऊक होतं का? चक्करच्या गोळीला एवढी वर्षं कोण फसतं? मी कुणासाठी मीठ आवरतेय हे कळूनच तुम्ही बोलत होता का? का खरंच तुम्हाला वाटलं, मांडवगणची माणसं अळणी खातात? हे आता मला कळायचं नाही. पण माझी बाजू तेवढी सांगायची राहिली होती, ती मी आपल्या नेहमीच्या पद्धतीनं सांगितली.

म्हटलं, "टीसी, तुझ्या मालकिणीला सांग. मीठ डॉक्टरांनी कमी करायला लावलं होतं. आमच्या मांडवगणला चांगलं चमचमीत खातात. आणि तिला म्हणावं, ते शेवटचं ऐकलं मी."

तिनं मान वर केली नाही. आपले सगळे निरोप नेणारी इथंच राहिलीय, आत्याबाई, आणि तिचं तोंड भाकरीत आहे.